युबीसॉफ्टने बागायत वेगळी काढली, मग जिरायतीचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. इथे गेम खेळणारे पण आहेत आणि शेअर बाजार, हिशेब समजणारे पण आहेत म्हणून इथेच टाकतोय.

आधी मला यात एवढा रस का ते सांगतो. साताऱ्याला मावसभावाकडे कॉम्प्युटर होता, त्यावर प्रिन्स ऑफ पर्शियाचा सँड्स ऑफ टाइम आम्ही दोघांनी मिळून संपवला. मूळ गेम २००३ चा, आमच्यापर्यंत दोनेक वर्षांनी पोचला. चुकलं की खंजिराचं बटण दाबून वेळ मागे न्यायची, ते पहिल्यांदा केलं तेव्हा आम्ही दोघं अक्षरशः ओरडलो होतो. मग सप्टेंबर २०२० मध्ये त्याच गेमचा रीमेक जाहीर झाला आणि तो करणार होते युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. एवढ्या मोठ्या नावाचा गेम आपल्याकडे बनतोय याचं मला काय वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही, ट्रेलर मी त्या रात्री चारपाच वेळा बघितला असेल. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ग्राफिक्सवर टीका झाली, जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे, मे २०२२ मध्ये काम काढून मॉन्ट्रियलला दिलं, आणि आता जानेवारी २०२६ मध्ये रद्दच करून टाकला. सव्वापाच वर्षं.

आता प्रश्न. रद्द झाल्यावर मी या कंपनीबद्दल वाचायला बसलो आणि एक हिशेब काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. मार्च २०२५ मध्ये युबीसॉफ्टने सांगितलं की असॅसिन्स क्रीड, फार क्राय आणि रेनबो सिक्स या तीन मालिका एका वेगळ्या कंपनीत काढतोय (तिचं नाव नंतर व्हँटेज स्टुडिओज ठेवलं) आणि त्यात टेन्सेंट ही चिनी कंपनी साधारण २५ टक्के हिश्श्यासाठी १.१६ अब्ज युरो देणार. म्हणजे ते पैसे यायच्या आधी त्या तुकड्याची किंमत धरली जवळपास ४ अब्ज. आणि त्याच वेळी बाजारात अख्ख्या युबीसॉफ्टची किंमत २ अब्ज युरोच्या पण खाली होती!! हे कसं काय? घरातली एक खोली अख्ख्या घरापेक्षा महाग?

दुसरं म्हणजे याला धोरण म्हणायचं का? आमच्याकडे भावाभावात वाटणी होते तेव्हा विहिरीखालची बागायत एकीकडे काढली आणि बाकीची जिरायत सगळ्यांच्या नावावर सामाईक ठेवली तर कोणाच्या मनात काय आहे ते गावाला कळतं. प्रिन्स, रेमन, स्प्लिंटर सेल, हे सगळे जिरायतीत गेले असं मला वाटतंय. बरोबर आहे का?

आणि तिसरं, धाकटा भाऊ पुण्यात गेम आर्टचा कोर्स संपवतोय, त्याला मोठ्या पब्लिशरसाठी काम करणाऱ्या एका स्टुडिओकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता टाइमपास नाहीये.

ताळेबंद_डोंबिवली

चांगला धागा. मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, पण हिशेबाचं सांगू शकतो.

खोली घरापेक्षा महाग कशी, तर घरावर कर्ज असतं, घराचा मेंटेनन्स असतो, आणि घरातल्या बाकीच्या खोल्या गळत असतात. बाजार शेअरची किंमत लावतो तेव्हा हे सगळं धरून लावतो. युबीसॉफ्टकडे त्या वेळी साधारण १८ हजार माणसं होती, कर्ज होतं, आणि लागोपाठ पडलेले गेम होते. म्हणजे बाजाराच्या हिशेबात त्या तीन मालिका सोडून जे काही उरतं त्याची किंमत शून्याच्याही खाली होती, कारण ते उरलेलं दर महिन्याला पगार मागतं. टेन्सेंटने काय केलं तर गळक्या खोल्या नकोत, फक्त ही एक खोली द्या म्हणून सांगितलं आणि तिच्यासाठी चांगला भाव दिला.

आता यातली एक बारीक गोष्ट, जी बातम्यांत फारशी आली नाही. तीन मालिकांची मालकी पूर्ण गेलेली नाही. नावं मूळ कंपनीचीच, व्हँटेजला ती कायमच्या लायसन्सवर दिली आणि त्या बदल्यात मूळ कंपनीला रॉयल्टी येत राहणार. तुमच्याच भाषेत सांगायचं तर सातबारा मूळ कंपनीच्या नावावर, पण कसायला कायमची दिली, खंडाने. बहुमत पण युबीसॉफ्टकडेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यवहार पुरा झाला, पैसे आले, कर्जाचा भार हलका झाला. २०२४-२५ मध्ये त्यांचं नेट बुकिंग म्हणजे मोजायचं उत्पन्न १.८५ अब्ज युरोवर आलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी २.३२ अब्ज होतं. एका वर्षात पाचवा हिस्सा गळाला. अशा कंपनीला बँकेच्या दारात उभं राहण्यापेक्षा हा व्यवहार करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. धोरण म्हणायचं का, तर हो, म्हणायचं. श्वास घ्यायला वेळ विकत घेतला.

बगशोधक

कृष्णाकाठ दादा, तुमचं रीमेकवालं वाचून घशात आवंढा आला. मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, आठ वर्षं झाली, युबीसॉफ्टमध्ये नाही, एका दुसऱ्या स्टुडिओत, नाव घेत नाही. पण या लाईनमध्ये सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

एक गोष्ट लोकांना कळत नाही ती म्हणजे मोठ्या पब्लिशरचा गेम एका ठिकाणी बनतच नाही. असॅसिन्स क्रीडसारख्या गेमला दहा दहा, पंधरा पंधरा स्टुडिओ लागतात, एक लीड स्टुडिओ असतो आणि बाकीचे को-डेव्ह, म्हणजे कोणी पाणी करतंय, कोणी घोडे, कोणी एखादं शहर, कोणी नुसतं टेस्टिंग. पुण्याचा स्टुडिओ २००८ चा, गेमलॉफ्ट या मोबाइल गेमच्या कंपनीकडून घेतलेला, मुंबईचा २०१८ चा. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गेमला हात लावायचं काम केलेलं असतं, पुण्यात जस्ट डान्स या नाचाच्या गेमचं पण पुष्कळ काम झालंय, लोक तयार होते, पण स्वतः लीड होणं हे वेगळंच कौशल्य आहे, तिथे रोज सकाळी कोणीतरी ठरवावं लागतं की गेम कसा वाटला पाहिजे. आणि ती पहिली संधी दिली कधी, तर कोविडच्या आधी सुरू झालेल्या प्रोजेक्टवर, जो जाहीर केला लॉकडाऊनमध्ये, आणि रिलीजची तारीख दिली चार महिन्यांनंतरची!! सतरा वर्षांपूर्वीच्या लाडक्या गेमचा रीमेक, जाहीर केल्यापासून चार महिन्यांत बाहेर. पहिल्या ट्रेलरवर जगभर लोक तुटून पडले तेव्हा ज्या पोरांनी रात्री काढल्या होत्या त्यांचा विचार करा. मला नाही वाटत ते पुण्या-मुंबईच्या हुशारीचं अपयश होतं, जाहीर कधी करायचं आणि बजेट किती हे ठरवणारं टेबल इथे नव्हतं. पुढे मॉन्ट्रियलला गेल्यावर त्यांनीही परत पाटी कोरी करून सुरुवात केली आणि साडेतीन वर्षांत त्यांच्याकडूनही तो बाहेर आला नाहीच ना.

ताळेबंद काका म्हणतात ते हिशेबाने बरोबर असेल पण मूळ रोग वेगळा आहे. या कंपनीला एक रेसिपी सापडली, मोठा नकाशा, उंच टॉवर चढायचा, नकाशावर पन्नास खुणा उघडतात, एकेक करून पुसत जायचं. २००७ च्या पहिल्या असॅसिन्समध्ये टॉवर होते, २०१२ च्या फार क्राय ३ मध्ये तेच रेडिओ टॉवर, मग वॉच डॉग्ज, घोस्ट रेकॉन, सगळीकडे तेच तेच. २००९ पासून २०१५ पर्यंत दर वर्षी असॅसिन्स, एक वर्ष चुकलं नाही. २०१४ चा युनिटी इतका अर्धवट आला की लोकांचे चेहरे गायब व्हायचे आणि नुसते डोळे आणि दात हवेत दिसायचे, कंपनीने माफी मागून, पुढच्या जादा भागांचा पास आधीच घेतलेल्यांना एक गेम फुकट दिला. त्यानंतर कुठे २०१६ ला सुट्टी घेतली आणि २०१७ चा ओरिजिन्स बघा, काय सुंदर गेम! एक वर्ष जास्त दिलं की काय होतं ते स्वतःच्याच घरात दिसलं होतं त्यांना.

कृष्णाकाठ

काका, बगशोधक, दोघांचेही मनापासून आभार. खंडाने दिल्याचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण काका, खंड घेणारा चांगला असला तरी मालकाच्या बाकी रानाला पाणी कोण देणार हा माझा प्रश्न तसाच राहतो. आणि चार महिन्यांचं मी तेव्हा लक्षातच घेतलं नव्हतं, आनंदात होतो.

बर्फातली_मराठी

मॉन्ट्रियलहून लिहितेय. मूळची नाशिकची, इथे अ‍ॅनिमेशनमध्ये काम करते, गेमवाल्यांच्या शेजारच्या गल्लीत म्हणा.

ताळेबंद यांच्याशी मी सहमत नाही. हे फक्त श्वास घ्यायला वेळ विकत घेणं नाही, हे घराणं वाचवणं आहे आणि त्याची मुळं जुनी आहेत.

ही कंपनी १९८६ मध्ये गियमो कुटुंबातल्या पाच भावांनी काढली, ब्रिटनी प्रांतातल्या कॅरेंत्वार नावाच्या छोट्या गावचे हे लोक. आईवडिलांचा धंदा शेतकऱ्यांना माल पुरवण्याचा (कृष्णाकाठ, तुमचं वाटणीचं उदाहरण वाचून म्हणूनच मला हसू आलं, यांना ते नक्की कळलं असतं). मुलांनी आधी कॉम्प्युटरचं सामान विकलं, मग लक्षात आलं की तोच गेम इंग्लंडमधून मागवला की फ्रान्सपेक्षा खूप स्वस्त पडतो, म्हणून पोस्टाने गेम विकायला लागले. म्हणजे सुरुवात झाली वितरक म्हणून, गेम बनवणं नंतर आलं, रेमन १९९५ चा. मला वाटतं त्यांच्या धोरणात हे अजून दिसतं, माल भरपूर पाहिजे, फळीवर सतत काहीतरी नवं पाहिजे.

१९९७ मध्ये ते इथे आले. क्युबेक सरकारने पगारावर सवलत दिली, पुढे ती कितीतरी वर्षं ३७.५ टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे शंभर रुपये पगार दिला तर साडेसदतीस सरकारकडून परत. त्यामुळे माणसं वाढवणं हेच धोरण झालं, जिथे सवलत तिथे स्टुडिओ. इथल्या माइल एंड भागातली जुन्या कपड्यांच्या कारखान्याची लाल विटांची इमारत बघाल तर कळेल, अख्खा परिसर त्यांनी बदलून टाकला. एका काळी जगभर मिळून २० हजारांच्या वर लोक. जेव्हा तीन गेम चालतात तेव्हा हे बळ वाटतं, आणि जेव्हा तीन गेम पडतात तेव्हा हेच ओझं होतं.

आता घराण्याचा भाग. २०१५ मध्ये व्हिव्हेंडी या फ्रान्सच्याच मोठ्या मीडिया कंपनीने गुपचूप शेअर घ्यायला सुरुवात केली. त्यांनी २०१६ मध्ये आधी गेमलॉफ्ट खेचून घेतली, जी यांच्याच भावाची होती (हो तीच, जिच्याकडून पुण्याचा स्टुडिओ आला होता). मग युबीसॉफ्टमध्ये २७ टक्क्यांपर्यंत पोचले. अडीच वर्षं कंपनीचं सगळं लक्ष त्या लढाईत. कुटुंबाकडे स्वतःचे शेअर तसे थोडे, साधारण १५ टक्के, पण फ्रान्समध्ये शेअर जास्त काळ धरून ठेवला की मत दुप्पट होतं, त्यामुळे मतं जास्त. मार्च २०१८ मध्ये व्हिव्हेंडी ६६ युरोंच्या भावाने २ अब्ज घेऊन बाहेर पडली आणि तेव्हा मदतीला कोण आलं? टेन्सेंट, ५ टक्के घेऊन. २०२२ मध्ये परत टेन्सेंट, या वेळी कुटुंबाच्या खासगी कंपनीतच ३० कोटी युरो घालून ४९.९ टक्के. २०२५ मध्ये तिसऱ्यांदा टेन्सेंट. आणि व्हँटेजच्या दोन प्रमुखांपैकी एक कोण, तर पाच भावांपैकी युबीसॉफ्टचे प्रमुख ईव्ह गियमो यांचे चिरंजीव शार्ली. मला त्या मुलाच्या कुवतीबद्दल काही म्हणायचं नाही, मी त्याला ओळखत नाही. पण प्रत्येक अडचणीत उत्तर एकच निघतंय, कंपनी कुटुंबाच्या हातात राहिली पाहिजे, मग बाकी काय द्यायचं ते देऊ.

६६ युरोला ज्यांनी विकलं त्यांनी विकलं. जानेवारी २०२६ मध्ये नवी पुनर्रचना जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी शेअर एक तृतीयांशाहून जास्त पडून ५ युरोच्या आत आला.

ताळेबंद_डोंबिवली

बर्फातली ताई, तुमचा मुद्दा मानतो, विशेषतः तिसऱ्यांदा टेन्सेंट हा. मी २०२२ चा व्यवहार विसरलो होतो. पण एक विचारतो. व्हिव्हेंडीने घेतली असती तर बरं झालं असतं असं म्हणायचंय का? गेमलॉफ्टचं पुढे काय फार सोनं झालं असं दिसत नाही. कुटुंबाने कंपनी धरून ठेवली म्हणूनच २०१५ च्या डिसेंबरात आलेला रेनबो सिक्स सीज जगला. मुलाकडून ऐकलंय, सुरुवातीला तो थंड होता, बाहेरच्या मालकाने सहा महिन्यांत दुकान बंद केलं असतं. यांनी दोन वर्षं त्यात माणसं ठेवली, दुरुस्त्या करत राहिले आणि दहा वर्षं तो गेम घर चालवतोय. घराणेशाहीत धीर असतो, ते पण बघायला हवं. माझ्या वडिलांचं छोटं प्रिंटिंग प्रेस होतं, बाहेरचा भागीदार असता तर पहिल्या मंदीतच मशीन विकलं गेलं असतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बर्फातली_मराठी

सीजचा मुद्दा एकदम बरोबर, तो मी सोडायला नको होता. धीर होता हे खरं. माझं दुखणं असं आहे की तोच धीर नंतर उरला नाही. २०२४ च्या मे मध्ये एक्सडिफायंट आणला, कॉल ऑफ ड्यूटीसारखा फुकट खेळायचा गेम, आणि डिसेंबरात सांगितलं की बंद करतोय. सात महिने. सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाकाचे स्टुडिओ बंद. २०२६ च्या जानेवारीत हॅलिफॅक्स (कॅनडातलंच) आणि स्टॉकहोम. हॅलिफॅक्सचं इथे फार मनाला लागलं, ७१ लोक, २०२५ च्या डिसेंबरात त्यांची युनियन मंजूर झाली होती आणि दोन आठवडे उलटतात तोच स्टुडिओ बंद. कंपनी म्हणते दोन्हीचा संबंध नाही. त्यातल्या काहींना आता या थंडीत गाव सोडावं लागणार, हॅलिफॅक्समध्ये गेमचं काम असं कितीसं असणार.

खेळगडी_८८

सगळे कंपनीच्या बाजूने बोलताय, गिऱ्हाइकाच्या बाजूने कोणी बोलणार की नाही?

मी यांचा द क्रू हा गाड्यांचा गेम विकत घेतला होता, डिस्क. ३१ मार्च २०२४ ला त्यांनी सर्व्हर बंद केले आणि माझी डिस्क म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायची चकती झाली, कारण तो गेम एकट्याने खेळायला पण सर्व्हर लागायचा. पैसे मोजून घेतलेली वस्तू. त्याच वर्षी जानेवारीत यांच्याच सबस्क्रिप्शन बघणाऱ्या साहेबांनी मुलाखतीत सांगितलं होतं की लोकांना गेम मालकीचा नसण्याची सवय व्हायला हवी. तिथून ती विकलेले गेम बंद पाडू नका म्हणणारी स्टॉप किलिंग गेम्सची चळवळ उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. धोरण धोरण म्हणताय ना, हे धोरण आहे, गेम विकायचा नाही, भाड्याने द्यायचा आणि भाडं कधी बंद करायचं ते आपण ठरवायचं.

आणि २०१९ ला स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान सोडून एपिकच्या दुकानात गेले. स्टीम विक्रीतले ३० टक्के कापून घेतं, एपिक १२ च घेत होतं, म्हणून गेले, कागदावर किती छान. पण माणसं जिथे आहेत तिथे दुकान पाहिजे ना. बाजार भरतो शनिवारी गावात आणि तुम्ही पाल ठोकता दोन मैल लांब, जागा फुकट मिळाली म्हणून. २०२२ च्या डिसेंबरात असॅसिन्सचा व्हलहाला घेऊन परत आले, आणि २०२५ चा असॅसिन्स, शॅडोज तर पहिल्याच दिवशी स्टीमवर.

मधे ते एनएफटीचं (डिजिटल वस्तूवर मालकीचा शिक्का मारून विकायचं) पण काढलं होतं २०२१ ला, घोस्ट रेकॉन ब्रेकपॉइंटमध्ये हेल्मेटवर नंबर टाकून. त्यावर बोलायची पण इच्छा नाही.

सारखं कोणीतरी दुसरा काय करतोय ते बघायचं. फोर्टनाइट कमावतोय, आपण पण फुकटवाला काढू. एनएफटी आलं, आपण पण. ज्यांना यांचे गेम आवडत होते त्यांना काय हवंय ते कोणी विचारलं नाही. मला असॅसिन्सचा ब्लॅक फ्लॅग दोनदा संपवायला आवडला कारण त्यात जहाजावर खलाशी गाणी म्हणायचे, मी नुसता समुद्रात फिरत बसायचो रात्री. त्याच जहाजाच्या कल्पनेवर स्कल अँड बोन्स काढला, २०१७ ला जाहीर, २०२४ च्या फेब्रुवारीत बाहेर, आणि त्यात जहाजावरून उडी मारून दुसऱ्याच्या जहाजावर तलवार घेऊन लढताच येत नाही!! जे लोकांना आवडत होतं तेच काढून टाकलं.

बगशोधक

खेळगडी, स्कल अँड बोन्सवर शंभर टक्के. त्यात सिंगापूरच्या स्टुडिओची पण तीच कथा आहे, आधी को-डेव्ह म्हणून समुद्राचं पाणी उत्तम केलं, मग तुम्हीच लीड व्हा म्हणून सांगितलं, आणि दिशा वर्षावर्षाला बदलत राहिली.

पण कृष्णाकाठ दादांच्या जिरायतीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. जानेवारीच्या रचनेत पाच घरं केलीत, क्रिएटिव्ह हाउस म्हणतात त्याला. पहिलं व्हँटेज. दुसऱ्यात डिव्हिजन, घोस्ट रेकॉन, स्प्लिंटर सेल असे बंदुकीवाले. तिसऱ्यात सतत चालू राहणारे, फॉर ऑनर, द क्रू वगैरे. चौथ्यात कथा आणि कल्पनेवाले, अ‍ॅनो, रेमन, प्रिन्स ऑफ पर्शिया. पाचव्यात जस्ट डान्स आणि मोबाइलवरचे घरगुती. प्रत्येकाला स्वतःचा नफातोटा बघायचाय. म्हणजे तुमचा प्रिन्स चौथ्या घरात आहे आणि घरात शिरतानाच त्याचा रीमेक काढून टाकलाय, एकूण ६ गेम रद्द झाले त्यात तो एक, आणि ७ पुढे ढकललेत.

मला जास्त लागलं ते वेगळंच. जानेवारी २०२४ ला मॉन्टपेलियेच्या टीमने प्रिन्सचाच द लॉस्ट क्राउन काढला होता, बाजूने दिसणारा, लहान, स्वस्त. ज्याने खेळला तो वेडा झाला, मी स्वतः त्यात आठवण म्हणून नकाशावर फोटो चिकटवायची जी सोय आहे तिच्यावर फिदा आहे, अडलेली जागा दिसली की फोटो काढायचा आणि नकाशावर ठेवायचा, इतकी साधी आणि इतकी उपयोगी गोष्ट एवढ्या वर्षांत कोणाला सुचली नव्हती. विक्री अपेक्षेएवढी नाही म्हणून त्याच वर्षी ती टीम मोडली, लोक दुसऱ्या प्रोजेक्टवर वाटून टाकले. आणि बघा, त्याच मॉन्टपेलिये गावात युबीसॉफ्ट सोडून गेलेल्या एकाने सँडफॉल नावाचा छोटा स्टुडिओ काढला, तीसेक माणसांची मुख्य टीम, २०२५ च्या एप्रिलमध्ये क्लेअर ऑब्स्क्युर आला आणि वर्षाचा सर्वोत्तम गेम म्हणून निवडला गेला. म्हणजे गावात माणसं होती, कौशल्य होतं. जिरायत नापीक नव्हती दादा, तिथे पाऊस पडायच्या आधीच नांगर दुसरीकडे नेला.

ताळेबंद काका, तुम्ही सीजला दिलेल्या धीराचं म्हणालात, तो धीर लॉस्ट क्राउनला एक वर्ष तरी दिला असता तर?

ताळेबंद_डोंबिवली

याला माझ्याकडे उत्तर नाही. लहान गेमला धीर देणं स्वस्त पडतं हे तर हिशेबानेही पटतं, खर्चच कमी असतो. मोठ्या गेमला पाच वर्षं आणि शेकडो माणसं लागतात, तो पडला की बाकी चार लहान गेम त्याची भरपाई करू शकत नाहीत, म्हणून लहानांचा बळी जातो. शॅडोजच्या वेळी हेच दिसलं, स्टार वॉर्स आउटलॉज २०२४ च्या ऑगस्टमध्ये थंड पडला आणि लगेच शॅडोजची तारीख नोव्हेंबरवरून फेब्रुवारी, मग २० मार्च. अख्खी कंपनी एका गेमच्या तारखेकडे डोळे लावून बसली होती. मुलाला संध्याकाळी विचारतो लॉस्ट क्राउन खेळलाय का.

कृष्णाकाठ

एवढं सगळं इतक्या आपुलकीने लिहिलंत, मी दोनदा वाचलं, भावाला पण मोठ्याने वाचून दाखवलं. लॉस्ट क्राउन मी घेतलेला नाही हे मला आता खटकतंय. रीमेकची सव्वापाच वर्षं वाट बघितली आणि जो खरोखर आला तो बघितलाच नाही. आजच घेतो.

बगशोधक, भावासाठी एकच शेवटचं विचारतो. मुलाखत बुधवारी आहे. तो पगार सोडून काय विचारू म्हणतोय.

बगशोधक

चार गोष्टी विचारायला सांगा, घाबरायचं नाही, चांगले लोक याचा राग मानत नाहीत.

प्रोजेक्टवर लीड कोण आहे, इथला स्टुडिओ की बाहेरचा. बाहेरचा असेल तर रोज बोलणं कोणाशी होतं आणि किती वाजता, कारण मॉन्ट्रियल साडेनऊ-साडेदहा तास मागे आहे, तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ-रात्र, आणि सगळे निर्णय तिथल्या सकाळी होतात. प्रोजेक्ट रद्द झाला तर टीमला दुसरीकडे घेतात की करार संपतो, हे कागदावर आहे का. आणि गेमच्या शेवटी क्रेडिट्समध्ये नाव येतं का, मधेच सोडून गेला तरी येतं का. माझं पहिल्या जागी दीड वर्षं काम करून नाव आलं नव्हतं, गेम बाहेर आला तेव्हा आईला टीव्हीसमोर बसवलं होतं, शेवटपर्यंत नावं सरकत गेली आणि ती विचारत राहिली, तुझं कधी येणार.

आणि पोर्टफोलिओत स्वतःचा एक लहानसा पुरा केलेला सीन ठेव म्हणावं. अर्धवट दहापेक्षा पुरा एक.

कृष्णाकाठ

क्रेडिट्सचं वाचून तो गप्पच झाला. मग म्हणाला हेच पहिलं विचारणार. पुरा केलेला सीन आहे त्याच्याकडे, वाईच्या मेणवली घाटाचा, पायऱ्या आणि घंटा. दोन झाडं बाकी होती, ती करत बसलाय आत्ता.